नाळेपुढची लाट

आग्रा रोडने सेंधव्याहून इंदूरकडे निघालं की खलघाटला नर्मदा आडवी येते. हा मुलूख धार जिल्ह्याचा. पावसाळ्यात पुलावर उभं राहून खाली पाहावं. गढूळ पाणी खांबाकडे धावत येतं, पण खांबाला भिडायच्या थोडं अलीकडेच फुगतं, त्याची एक फेसाळ कमान होते आणि तिथून ते दोन्ही अंगांनी फाटून पुढे जातं. पाणी संथ असतं तेव्हा ही कमान दिसत नाही. संथ पाण्यात खांबावर आपटलेली लाट उलट वर चढते आणि मागून येणाऱ्या पाण्याला जणू सांगते की पुढे अडथळा आहे, आत्ताच बाजूला व्हा. पाण्याचा वेग लाटेच्या वेगापेक्षा जास्त झाला की हा निरोप वर पोचत नाही. मग बेसावध पाणी ठेचकाळतं. ती ठेच म्हणजेच ती कमान.

पृथ्वी हा असाच एक खांब आहे. तिच्यावर येणारा प्रवाह पाण्याचा नसून सूर्याने सतत उधळलेल्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचा असतो. सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या या सौरवाऱ्याची ठेच पृथ्वीपासून सुमारे ९०,००० किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, लागते. शास्त्रज्ञ तिला ‘बो शॉक’ म्हणतात. त्याचं भाषांतर काही ठिकाणी ‘धनुषाघात’ असं वाचलं आहे. कमानीच्या आकाराकडे पाहता ते चालेलही, पण या शब्दातला ‘बो’ धनुष्याचा नाही, जहाजाच्या पुढच्या टोकाचा आहे. आपल्या कोकणात त्या टोकाला नाळ म्हणतात. आंग्र्यांच्या गुराबांची लांब, पुढे झेपावलेली नाळ ज्यांनी चित्रांत पाहिली असेल, त्यांना नाळेपुढची लाट वेगळी समजावून सांगायला नको. आंग्र्यांचं नाव इथे उगाच घेतलेलं नाही, ते पुढे येईलच.

या लाटेच्या मोजमापाची गोष्ट उपग्रहांपासून सुरू करण्याची पद्धत आहे. मला ती मुंबईतल्या एका खोलीपासून सुरू करावीशी वाटते, कारण उपग्रहांच्या शंभरेक वर्षं आधी त्या खोलीतल्या सुईने अशाच एका लाटेचा धक्का खाल्ला होता.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी या वेधशाळेचं काम पाहिलं होतं. केरो लक्ष्मण छत्रे अगदी तरुणपणी तिथे नोकरीला लागले आणि सुमारे दहा वर्षं राहिले. पुढे पुण्यात ते गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. छत्र्यांची आठवण आपण ग्रहगणितासाठी आणि पंचांगासाठी काढतो. त्यांच्या उमेदीची वर्षं चुंबक आणि हवामान यांच्या नोंदींत गेली, हे सहसा कोणी सांगत नाही.

काम कंटाळवाणं होतं. धाग्याला टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, आणि काही अंतरावर दुर्बीण. आरशात एका मोजपट्टीचं प्रतिबिंब पडायचं. चुंबक केसभर हलला तरी दुर्बिणीत पट्टीवरचा आकडा सरकायचा. तो आकडा दर तासाला वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. रात्री, पावसात, सणावारी. सुई जास्तच हलायला लागली तर दर पंधरा मिनिटांनी, वेळप्रसंगी दर पाच मिनिटांनी वाचायचं. असं वर्षानुवर्षं.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास रिचर्ड कॅरिंग्टन पडद्यावर सूर्याची प्रतिमा घेऊन डाग रेखाटत होता. डागांच्या एका पुंजक्यावर अचानक पांढरेशुभ्र उजेडाचे दोन ठिपके भडकले आणि पाच मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन यानेही ते स्वतंत्रपणे पाहिलं. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

त्यानंतर साडेसतरा-अठरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी, कुलाब्याची सुई आधी झटक्यात वर उचलली गेली. वाढ शंभर-सव्वाशे नॅनोटेस्लांची होती. मग ती कोसळली. दुपारच्या आत पृथ्वीच्या चुंबकबलाचा आडवा भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटला होता, म्हणजे नेहमीच्या मानाने चारेक टक्के. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. १९८९ च्या मार्चमधल्या ज्या चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, त्याचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्लांपर्यंत उतरला होता. त्यावरून अंदाज करावा.

अमेरिकेत त्या दिवशी बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि आकाशातून उतरलेल्या विजेवरच दोनेक तास तारा पाठवल्या. क्यूबात आणि हवाईत ध्रुवीय प्रकाश दिसला. आपल्याकडे लख्ख दिवस होता, दिसण्यासारखं काही नव्हतं. माळव्याची स्थिती तर अशी होती की आकाशाकडे पाहायला कोणाला सवड नसावी. सत्तावनच्या बंडात धारच्या किल्ल्याला इंग्रजांनी वेढा घातला होता, आणि पवारांचं धार संस्थान जप्त झालं होतं. ते परत मिळायला १८६० उजाडलं. शेजारी देवासला एकाच गावात दोन पवार राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, गल्लीच्या या अंगाला एकाचा अंमल आणि त्या अंगाला दुसऱ्याचा. इंदूरवरून मुंबई-आग्रा तार १८५४ मध्येच गेली होती, आणि बंडाच्या दिवसांत तिच्यावरून काय काय धावलं ते इतिहासात आहे. २ सप्टेंबरची जगातली एक मोठी बातमी मात्र त्या तारेच्या मुंबईकडच्या टोकाला, एका सहायकाच्या रजिस्टरात, आकड्यांत लिहिली जात होती. आकडे लिहिणाऱ्याने आकडे लिहिले. यापेक्षा मोठं काम त्या सकाळी जगात फार थोड्यांनी केलं असेल, कारण उत्तरेकडच्या अनेक वेधशाळांत सुई पट्टीबाहेर गेली किंवा कागदावरची रेघच सुटली. कुलाबा विषुववृत्ताच्या फार जवळही नाही आणि ध्रुवापासून तर बरंच दूर. त्यामुळे तिथे धक्का पूर्ण बसला आणि पूर्ण मोजताही आला.

हे आकडे जवळपास दीडशे वर्षं पडून होते. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी ते उकरून काढले आणि त्या वादळाचा जोर उणे १,७६० नॅनोटेस्ला इतका असावा असा हिशेब मांडला. यावर वाद झाला, अजूनही आहे. तासाची सरासरी घेतली तर आकडा निम्म्यावर येतो. एका ठिकाणची घसरण साऱ्या पृथ्वीची मानायची का, असाही आक्षेप आहे. आक्षेप रास्त आहेत. पण वाद घालायला जो कागद लागतो, तो कुलाब्याचा आहे.

त्याच १८५९ साली मुंबईत नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस जन्मले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत ट्रामचं संकट आलं. घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं शहराने ठरवलं होतं. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपणार आणि सुई सूर्याचं सांगते आहे की ट्रामचं, हे कळेनासं होणार. मूस यांनी शहराशी भांडण्याऐवजी दुसरी जागा शोधली, अलिबाग. मुंबईच्या कुलाब्याची चुंबकं आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यासमोर आली. या दोन कुलाब्यांनी पुढच्या किती अभ्यासकांना गोंधळात टाकलं असेल, देव जाणे. अलिबागची इमारत लोखंड टाळून बांधली गेली. पण मूस यांचं खरं शहाणपण पुढे आहे. १९०४ ला अलिबाग सुरू झाल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या मापाला नवं माप बिनजोड जुळावं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर सांधा पक्का झाला होता. १८४१ पासून आजपर्यंतची ती मालिका एकसंध राहिली, ती या दोन वर्षांच्या दुहेरी खर्चामुळे. आजच्या एखाद्या लेखापरीक्षकाने तो खर्च नक्कीच लाल शाईने अधोरेखित केला असता.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळाच्या कुलाब्याच्या नोंदींचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात अनेक वादळं एकावर एक ठेवून त्यांनी दाखवलं की त्यांचा साचा एकच असतो. आधी झटक्यात उसळी, मग काही तासांची मोठी घसरण, मग दिवसागणिक सावकाश भरून येणं. जी उसळी १८५९ च्या सकाळी दिसली होती, तीच.

ही उसळी एवढी झटपट का, हा प्रश्न पन्नास वर्षं कोणाला फारसा बोचला नाही. १९५० च्या दशकात टॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाला तो बोचला. सूर्याकडून आलेला लोट पंधरा कोटी किलोमीटर येता येता पसरायला हवा, त्याची पुढची कड विरायला हवी. मग जमिनीवरची सुई अवघ्या काही मिनिटांत कशी उचलली जाते? कड धारदार राहते याचा अर्थ पुढे एक आघाताची भिंत चालते, असं त्याने सुचवलं. अडचण अशी की आपल्या हवेतला आघात, म्हणजे बंदुकीच्या गोळीपुढचा किंवा जेट विमानाचा, हा रेणूंच्या धक्काबुक्कीतून घडतो. अवकाशात एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-दहा कण. एक प्रोटॉन दुसऱ्यावर आदळायचा तर त्याला साधारण सूर्य-पृथ्वीएवढं अंतर कापावं लागेल. कोणी कोणाला धक्काच मारत नाही, तिथे धक्क्याची भिंत कशी उभी राहणार? बऱ्याच जाणत्यांना हे अशक्य वाटलं.

१९५८ मध्ये यूजीन पार्करने सौरवाऱ्याचं गणित मांडलं. परीक्षकांनी लेख नाकारण्याची शिफारस केली. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हणून त्यांनी लेख छापला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत ल्यूना यानांवरच्या उपकरणांना तो वारा लागला, आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ ने वाटभर मोजून दाखवला. त्याच वर्षी इयान अ‍ॅक्सफर्ड आणि पॉल केलॉग यांनी वेगवेगळं भाकीत केलं की पृथ्वीच्या चुंबकीय कवचापुढे आघाताची लाट उभी असणार. २७ नोव्हेंबर १९६३ रोजी एक्सप्लोरर १८ हा उपग्रह लांबुळक्या कक्षेत गेला. नॉर्मन नेस आणि सहकाऱ्यांच्या चुंबकमापकाने भाकिताच्या जवळपास त्याच जागी ती लाट गाठली. एका बाजूला वारा शांत, चुंबकक्षेत्र क्षीण. हद्द ओलांडली की क्षेत्र दुप्पट-तिप्पट आणि सगळं अस्ताव्यस्त.

देवासच्या दोन पात्यांची हद्दही अशीच असावी. गल्लीत रेघ आखलेली नसते, पण पाऊल पलीकडे पडलं की कायदा बदलतो. फरक इतकाच की अवकाशातली ही हद्द एका जागी राहत नाही. वारा जोरात आला की ती पृथ्वीकडे ढकलली जाते, मंदावला की मागे सरते. उपग्रह एकाच फेरीत ती चार-सहा वेळा ओलांडतो, खरं तर तीच त्याच्यावरून जाते-येते.

कणांची टक्कर न होता आघात कसा होतो, हे हळूहळू उलगडलं. धक्का चुंबकक्षेत्र मारतं. लाटेपाशी क्षेत्र एकदम चढतं आणि प्रोटॉन त्यात गिरक्या घेऊ लागतात. बहुतेक आत घुसतात, मंदावतात आणि तापतात. पुढे धावण्याची ऊर्जा सैरावैरा हालचालीत जाते, लाखो अंशांपर्यंत. थोडे मात्र भिंतीवरून उलटे फेकले जातात आणि येणाऱ्या वाऱ्यालाच सामोरे धावतात. परतणारे हे मोजकेच कण बाकीच्या प्रवाहाला खवळवतात. टक्कर होत नसतानाही आघात टिकतो तो यांच्यामुळे. कण किती, कुठल्या दिशेने आणि किती ऊर्जेचे, हे तिन्ही एकत्र मोजलं तरच ही गोष्ट दिसते. त्याचं उपकरण आपल्या खळ्यावरच्या उपणणीसारखं आहे. वाऱ्यावर धान्य सोडलं की जड दाणा जवळ पडतो आणि भुसा लांब जातो. इथे वाऱ्याच्या जागी दोन वक्र पत्र्यांमधला विद्युत दाब असतो. ठरावीक ऊर्जेचा कण तेवढा त्या वळणातून निभावतो, बाकीचे भिंतीला लागतात. दाब बदलत गेला की एकेका ऊर्जेचा वाटा मोजला जातो.

भारताने हे काम चंद्रापासून सुरू केलं. २२ ऑक्टोबर २००८ ला निघालेल्या चंद्रयान-१ वर ‘सारा’ नावाचं उपकरण होतं, स्वीडन, जपान, स्वित्झर्लंड आणि तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा यांचं मिळून केलेलं. चंद्राला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही, त्यामुळे त्याच्यापुढे नाळेची लाटही नाही. वारा थेट मातीत जिरतो असा समज होता. ‘सारा’ने दाखवलं की येणाऱ्या प्रोटॉनांपैकी पाचातला जवळजवळ एक हायड्रोजनचा अणू होऊन परत उसळतो. जिथे खडकांत जुनं चुंबकत्व शिल्लक आहे, तिथे वारा अडून एक इवलंसं कवचही तयार होतं. हवा नाही, समुद्र नाही, चुंबक नाही, तरीही जमीन वाऱ्याला पूर्ण गिळत नाही, ही त्या मोहिमेची बातमी पाण्याच्या शोधाखाली झाकली गेली.

मंगळाचं तिसरंच. त्याचं एकसंध चुंबकक्षेत्र कधीच गेलं, वारा अडवतो तो त्याच्या वातावरणाचा विद्युतभारित थर. म्हणून त्याची लाट पृष्ठभागापासून फक्त दोनेक हजार किलोमीटरवर, अगदी अंगाला खेटून उभी असते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दोन दिवसांच्या अंतराने अमेरिकेचं मेव्हन आणि आपलं मंगळयान तिथे पोचलं. कणांचं सविस्तर मोजमाप मेव्हनकडे होतं. त्याची नोंद बारकाईने वाचली ती पनवेलमध्ये. भूचुंबकत्व संस्था कुलाब्याहून आता नवीन पनवेलला आहे, म्हणजे पुन्हा रायगडात, ज्या जिल्ह्याचं जुनं नाव कुलाबाच. तिथल्या संशोधकांनी ९ फेब्रुवारी २०१५ च्या नोंदींत, लाटेच्या आतल्या अस्ताव्यस्त पट्ट्यात, सुमारे पाच मिनिटांत विद्युतक्षेत्राचे साडेचारशेच्या आसपास सुटे ठोके मोजले. प्रत्येक ठोका एकटाच, आकार न बदलता पुढे सरकणारा. मंगळापाशी असे ठोके पहिल्यांदाच दिसले.

२ सप्टेंबर २०२३. श्रीहरिकोट्याहून अकरा वाजून पन्नास मिनिटांनी आदित्य-एल१ उडालं. तारीख कुलाब्याचीच आणि वेळही दुपार होण्याआधीची. ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. पुण्याच्या ‘आयुका’तली दुर्बीण या यानावर आहे, तिची चित्रं वर्तमानपत्रांत आली. माझं लक्ष अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या ‘अ‍ॅस्पेक्स’कडे होतं. त्याचे दोन भाग आहेत. एक सौरवारा मोजतो, दुसरा त्याहून जास्त ऊर्जेचे कण. हा दुसरा भाग १० सप्टेंबरलाच, यान पृथ्वीपासून ५०,००० किलोमीटरच्या पुढे असताना चालू केला गेला. यान त्या वेळी पृथ्वीभोवती मोठमोठे फेरे घेत होतं. शेवटच्या फेऱ्याचं लांबचं टोक १,२१,९७३ किलोमीटरवर होतं. १९ सप्टेंबरला यान फेरे सोडून निघालं आणि नाळेची लाट मागे टाकून मोकळ्या वाऱ्यात गेलं. ६ जानेवारी २०२४ ला ते पंधरा लाख किलोमीटरवरच्या ठिकाणी स्थिरावलं, तेव्हापासून येणारा वारा आपल्या आधी त्याला लागतो. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेचं आकाश तांबडं झालं, त्या वादळाचे कण त्याने वाटेतच मोजले होते. या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे चारशेच्या पलीकडे उतरला होता, १८५९ च्या चौथाईच्या आसपास.

जमिनीवरच्या सुया अर्थात बंद झालेल्या नाहीत. अलिबाग चालू आहे. देवासपासून तासाभराच्या वाटेवर, ज्या उज्जैनवरून जुने ज्योतिषी आपली मध्यरेषा धरत आणि जिथे सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे, तिथेही संस्थेने गेल्या शतकाच्या सत्तरीत चुंबकीय केंद्र उघडलं. वर यान काय सांगतं ते खाली उमटतं का, हे शेवटी अशाच ठिकाणी पडताळायचं असतं.

नेहमीचा वारा आदित्यपासून नाळेच्या लाटेपर्यंत यायला तास लावतो, आणि तेवढी आगाऊ खबर वीजमंडळांना पुरते. १८५९ चा लोट सूर्य ते पृथ्वी सरासरी सेकंदाला २,३०० किलोमीटरहून अधिक वेगाने आला होता. त्या वेगाने तो पुन्हा आला तर यानाने दिलेला इशारा आणि सुईची उसळी यांत अकरा मिनिटंही राहत नाहीत. कुलाब्याचा सहायक सुई चाळवली की दर पंधरा मिनिटांनी दुर्बिणीला डोळा लावायचा. त्याच्या दोन नोंदींमध्ये एवढा वेळ आरामात बसला असता.